चर्नी रोडच्या बागेपासून टाऊन हॉलच्या पायऱ्यांपर्यंत



विहाराच्या वर्धापन दिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा निरोप कार्यकारिणीने आम्हाला धाडला. आता विहाराच्या जन्माची कथा दरवर्षी छापली जातेच. वर्गणी कशी जमली, पत्रे कोणी आणले, पहिली बुद्धमूर्ती कोणाच्या खांद्यावरून आली, हे लहान पोरांनासुद्धा पाठ झालेलं आहे. म्हणून यंदा दुसराच इतिहास लिहायचं ठरवलं. परमपूज्य बाबासाहेब शाळा-कॉलेजच्या वर्गाबाहेर कुठे कुठे शिकले, आणि तशा जागा या मुंबईत उभ्या असताना आपल्या पोरांचे पाय तिकडे का वळत नाहीत, हा आमचा विषय आहे. आम्ही काही प्राध्यापक नव्हे. साच्यावर उभे राहून, पाळी सुटल्यावर जे वाचन झालं त्याच्या बळावर लिहितो आहोत. चूकभूल द्यावी घ्यावी.

बाबासाहेबांचं विद्यार्थीपण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे परळच्या चाळीतली ती एकच खोली येते. त्याच खोलीत स्वयंपाक, त्याच खोलीत निजणं. उशाशी जातं, पायाशी बकरी. सुभेदार रामजीबाबा रात्री दोनपर्यंत स्वतः जागे राहायचे, मग भीमरावांना उठवून अभ्यासाला बसवायचे आणि आपण निजायचे. ही गोष्ट प्रत्येक जयंतीला व्यासपीठावरून सांगितली जाते आणि सांगितली जावीच. पण तिच्यामुळे एक गैरसमजही झालाय. जिद्द असली की खोलीत कोंडून घेऊन माणूस मोठा होतो, असं पोरांना वाटतं. बाबासाहेब कोंडून घेणारे नव्हते. शाळा सुटली की ते चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसत. आपल्या मुलाला घरात जागा नाही म्हणून तो जिन्यात बसतो, गच्चीवर बसतो, तसंच ते. फरक एवढाच की ती बाग शहराच्या मध्यावर होती आणि तिथे शिकलीसवरलेली माणसं फिरायला येत.

त्यांत एक होते विल्सन हायस्कूलमधले शिक्षक कृष्णराव अर्जुन केळूसकर. रोज एक मुलगा बाकावर बसून पुस्तकात डोकं घालतो हे त्यांनी पाहिलं. जवळ जाऊन विचारपूस केली. मुलाने आपण कोण ते सांगितलं. केळूसकर गुरुजी उठून गेले नाहीत. त्यांनी त्या मुलाला आपली पुस्तकं वाचायला द्यायला सुरुवात केली.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. सत्काराची सभा झाली आणि केळूसकरांनी स्वतः लिहिलेलं गौतम बुद्धांचं मराठी चरित्र भीमरावांना भेट दिलं. ते पुस्तक १८९८ सालचं. चरित्रकार धनंजय कीर लिहितात की ही सभा १९०७ साली मॅट्रिक पास झाल्यावर झाली आणि रावबहादूर सी. के. बोले तिचे अध्यक्ष होते. बाबासाहेबांनी स्वतः 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी १९५६ साली जी प्रस्तावना लिहिली तीत मात्र इंग्रजी चौथी पास झाल्याचा उल्लेख आहे आणि अध्यक्ष म्हणून दादा केळूसकरांचंच नाव आहे. हा वाद विद्वानांनी सोडवावा. आमच्या दृष्टीने महत्त्वाचं ते वेगळं आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात जे झालं, त्याचं पहिलं बी एका सार्वजनिक बागेतल्या ओळखीतून पडलं. ही बाग नगरातल्या कोणालाही मोकळी होती. तिथे जात विचारून बसवत नव्हते.

केळूसकर एवढ्यावर थांबले नाहीत. इंटर झाल्यावर पैशावाचून शिक्षण अडलं तेव्हा तेच भीमरावांना घेऊन सयाजीराव गायकवाड महाराजांकडे गेले. दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. हात धरून नेणारा माणूस म्हणतात तो हा. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, पुढे तिचं काम पडणार आहे.

एल्फिन्स्टन कॉलेजात बाबासाहेबांना प्राध्यापक मुल्लर पुस्तकं आणि कपडेही देत असत. त्याच कॉलेजात चहा-पाण्याच्या जागेवाला मात्र पाणी द्यायला तयार नव्हता. दोन्ही एकाच इमारतीत. ती इमारत आजही काळा घोड्याला उभी आहे. तिच्या बाजूला डेव्हिड ससून लायब्ररी. ही लायब्ररी शेटजींच्या नावाने ओळखली जाते, आणि १८७० साली इमारत झाली ती त्यांच्या देणगीवर. पण मूळ संस्था १८४७ साली कोणी काढली माहीत आहे का? सरकारी टांकसाळ आणि गोदीतल्या मेकॅनिक लोकांनी. म्हणजे आमच्यासारख्याच, हाताला तेल लागलेल्या माणसांनी. (ते लोक बहुतेक गोरे होते हे खरं, पण कामगार ते कामगारच.) आम्हाला हे कळलं तेव्हा आम्ही त्या दारावरून पंचवीस वर्षं बसने जात-येत होतो.

भीमराव कॉलेजात होते तेव्हा रस्त्यापलीकडे मोठं बांधकाम चालू होतं. १९०५ साली पायाभरणी झालेलं हे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम. ते लोकांसाठी उघडलं १० जानेवारी १९२२ ला. आज त्याला छत्रपती शिवाजी महाराज वस्तू संग्रहालय म्हणतात. तिथून ओव्हल मैदानाकडे गेलं की विद्यापीठाचं ग्रंथालय आणि राजाबाई टॉवर. हॉर्निमन सर्कलला वळलं की टाऊन हॉल आणि त्यातली एशियाटिक सोसायटी. वीस-पंचवीस मिनिटांच्या पायी अंतरात एवढं सारं. ही सगळी त्या काळी साहेबांच्या आणि शेटजींच्या पैशांची कामं, असं म्हणून आपण मोकळे होतो. पण तो पैसा आला कुठून? कापसाच्या धंद्यातून आला, गोदीतून आला, गिरण्यांतून आला. दगड वाहणारे कोण होते हे कोणत्याही पाटीवर लिहिलेलं नाही.

लंडनचं थोडक्यात सांगतो. १९२० ते १९२३ या काळात बाबासाहेब ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात सकाळी दार उघडल्यापासून संध्याकाळी बंद होईपर्यंत बसत. दुपारचं जेवण नाही. 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा प्रबंध अशा बैठकीतून झाला. त्या वाचनालयाला फी नव्हती, पण वाचकाचं तिकीट काढायला कोणाची तरी शिफारस लागे. म्हणजे तिथेही दार आपोआप उघडत नव्हतं. मात्र एकदा तिकीट हातात आलं की आत गेल्यावर कोणाच्या बापाचं नाव कोणी विचारत नव्हतं.

आता बोले साहेबांकडे परत येऊ. हेच सी. के. बोले पुढे मुंबई कायदेमंडळात गेले. ४ ऑगस्ट १९२३ रोजी त्यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी किंवा सार्वजनिक पैशातून बांधलेल्या व चालवलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा, कोर्टकचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना मोकळे असावेत, असा तो ठराव. महाडच्या नगरपालिकेने त्याप्रमाणे चवदार तळं खुलं केल्याचं जाहीर केलं. कागदावर खुलं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब ओंजळ भरेपर्यंत एकाही अस्पृश्याने त्या तळ्याचं पाणी घेतलं नव्हतं. ठराव झाला म्हणजे हक्क मिळाला असं होत नाही, कोणीतरी पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जावं लागतं. आमचं म्हणणं असं की शहरातली ग्रंथालयं आणि संग्रहालयं हीसुद्धा चवदार तळीच आहेत. कायद्याने कोणी आपल्याला अडवत नाही. तरी आपली किती घरं तिथे जाऊन आली आहेत, हे ज्याने त्याने मोजावं.

आपल्या चळवळीला हे पहिल्यापासून माहीत होतं. परळच्या दामोदर हॉलमध्ये ९ मार्च १९२४ ला बाबासाहेबांनी बैठक घेतली आणि २० जुलैला बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. या सभेने सोलापूरला वसतिगृह काढलं आणि मुंबईत मोफत वाचनालय चालवलं. हॉल ज्यांचा, त्या ना. म. जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगने १९११ पासून गिरणगावात रात्रशाळा आणि फिरती वाचनालयं चालवली होती. पुस्तकांची पेटी चाळीत यायची. आमच्या आधीच्या पिढीतले कितीतरी जॉबर आणि विणकर अशा पेटीवर वाचायला शिकले. दामोदरचं नाट्यगृह २०२३ साली पुनर्विकासासाठी बंद झालं, तेव्हा नाटकवाल्यांनी आवाज उठवला. आपल्या समाजातून फारसं कोणी बोललं नाही. आम्हीही बोललो नाही, हे कबूल करतो.

सिद्धार्थ कॉलेज २० जून १९४६ ला सुरू झालं. वर्ग सकाळचे, कारण पोरं दिवसा नोकरी करणारी. पुढे ते फोर्टात, आज दादाभाई नौरोजी रोड म्हणतात त्या रस्त्यावर आनंद भवन आणि बुद्ध भवन इथे स्थिर झालं. जागा तिथेच का घेतली, याबद्दल आम्ही बाबासाहेबांच्या तोंडी काही घालत नाही. पण नकाशा काढून बघावा. कॉलेजातून बाहेर पडलेला मुलगा चालत चालत एशियाटिक, राजाबाई, म्युझियम, ससून लायब्ररी, जहांगीर आर्ट गॅलरी एवढं एका दिवसात पाहू शकतो. जहांगीरमध्ये तर १९५२ पासून चित्रं बघायला पैसा पडत नाही. कॉलेजच्या ग्रंथालयात बाबासाहेबांच्या संग्रहातली पुस्तकं आहेत. त्यांनी ओळीखाली मारलेल्या रेघा आहेत. दादरला राजगृह आहे, जे घर त्यांनी मुख्यतः पुस्तकांसाठी बांधलं. नायगावला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा संदर्भ विभाग आहे. ही संस्था १८९८ ची, म्हणजे केळूसकरांचं बुद्धचरित्र आलं त्याच वर्षीची.

आता घरचं सांगतो. आठ-दहा वर्षांमागे आपल्या विहाराच्या अभ्यासिकेतली दोन मुलं, बारावीतली, एका मोठ्या लायब्ररीत गेली होती. लायब्ररीचं नाव घेत नाही. दारातल्या माणसाने विचारलं, काय काम आहे? मुलं म्हणाली, वाचायचंय. कोणाचं पत्र आणलंय? पत्र नव्हतं. पायातल्या चपलांकडे बघून त्याने मान हलवली म्हणे. मुलं परत आली. त्यातल्या एकाने त्या वर्षी परीक्षाच दिली नाही, कुरिअरच्या कामाला लागला. नुसत्या त्या एका दारामुळे, असं आम्ही म्हणणार नाही, घरची ओढ होतीच. पण आम्ही त्याला विचारलं तेव्हा तो एवढंच बोलला, "काका, तिथं आपल्यासारखं कोणीच नव्हतं."

कार्यकर्त्यांची बैठक झाली. निवेदन द्यावं, मोर्चा न्यावा, पेपरात छापून आणावं, असं गरमागरम बोलणं चाललं होतं. आमचा आवाज सगळ्यांत मोठा. महिला मंडळाच्या एक वयस्क ताई मागे बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "समदं करा. पण मला सांगा, पोरांसंगं तुमच्यातलं कोण गेलं हुतं?" कोणी उत्तर दिलं नाही. केळूसकरांची गोष्ट आम्ही तोवर पन्नास भाषणांत सांगितली असेल.

त्यानंतर रविवारच्या फेऱ्या सुरू झाल्या. पहिली फेरी राणीबागेतल्या म्युझियमची. राणीबाग गिरणी कामगारांची जुनी ओळखीची, हत्ती-माकडं दाखवायला आपण सगळेच जातो, पण दाराशीच असलेल्या त्या इमारतीत शिरत नाही. मुंबईतलं हे सर्वांत जुनं संग्रहालय, १८७२ साली उघडलेलं. १९७५ पासून त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव आहे. मध्ये काही वर्षं दुरुस्तीसाठी बंद होतं, २००८ मध्ये परत उघडलं. आत मातीच्या छोट्या बाहुल्या आहेत, मुंबईतल्या जातीजमातींचे पोशाख, धंदे दाखवणाऱ्या. सातवीतली एक मुलगी काचेला नाक लावून एकेक बघत गेली आणि वळून म्हणाली, "काका, यात आपण कुठे आहोत?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या फेरीला तिला फोर्टात नेलं.

तिथल्या म्युझियममध्ये सोपाऱ्याचा अशोकाचा लेख आहे. सोपारे म्हणजे आपलं लोकलचं नालासोपारा. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी ते मोठं बंदर होतं आणि सम्राटाने आपले लेख तिथे दगडावर कोरवले होते. आठव्या लेखाचा तुकडा १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींना मिळाला. नवव्या लेखाचा तुकडा जवळच्या भुईगावात सापडला तो १९५६ साली, धम्मदीक्षेच्याच वर्षी, आणि शोधणारे होते एशियाटिकचे तेव्हाचे ग्रंथपाल एन. ए. गोरे. आम्ही मुलांना ब्राह्मीतलं एकच अक्षर शिकवून नेलं होतं. 'क' म्हणजे अधिकचं चिन्ह. त्या मुलीने दगडावर अधिकची चिन्हं मोजली. मग तिला अर्थ सांगितला. आठव्या लेखात अशोक म्हणतो की पूर्वीचे राजे करमणुकीच्या यात्रांना जात, शिकार करत. मी संबोधीला जाऊन आल्यापासून धम्मयात्रा सुरू केल्या. लोकांना भेटणं, दान देणं, धम्माविषयी विचारणं. नवव्या लेखात तो लग्न-बारशाच्या, प्रवासाच्या मंगल विधींना फारसं फळ नाही म्हणतो, आणि दास-चाकरांशी नीट वागणं, गुरुजनांचा आदर करणं हे खरं मंगल ठरवतो. आमच्या मागे उभे असलेले एक गृहस्थ ऐकत होते. ते म्हणाले, तुम्ही गाईड आहात का? आम्ही म्हटलं, नाही, आम्ही गिरणीत आहोत.

त्याच म्युझियममध्ये सिंधमधल्या मीरपूरखासच्या स्तूपातल्या भाजक्या मातीच्या बुद्धमूर्ती आहेत, गांधारची शिल्पं आहेत. मुलांनी तिथे स्वतःहून हात जोडले. आम्ही सांगितलं नव्हतं.

टाऊन हॉलच्या तीस पायऱ्या चढताना पोरं गप्प होती. एवढे उंच खांब असले की माणसाची छाती दडपते, ते बांधणाऱ्यांनी तेवढ्यासाठीच बांधले असावेत असं आमचं मत आहे. या इमारतीत, एशियाटिक सोसायटीने, सोपाऱ्याच्या स्तूपातून १८८२ साली निघालेल्या वस्तू जतन केल्या आहेत. दगडी पेटी, तिच्या पोटात एकात एक बसवलेले करंडक, तांब्याचा, चांदीचा, स्फटिकाचा, सोन्याचा, आणि सगळ्यांत आत भिक्षापात्राचे मातीचे तुकडे. सोबत धातूच्या आठ लहान बुद्धमूर्ती. सोन्याच्या डबीत काय जपलं होतं, तर खापऱ्या. हे सांगितल्यावर एका पोराने जे तोंड उघडं टाकलं ते पायऱ्या उतरेपर्यंत मिटलं नाही. (या वस्तू नेहमी मांडलेल्या असतीलच असं नाही. आधी चौकशी करून जावं.)

कान्हेरी आपण सहलीला जातो, डबा खातो, फोटो काढतो. शंभराहून जास्त लेणी, म्हणजे भिक्खूंचं केवढं मोठं निवासी विद्यापीठ असेल ते! तिथले शिलालेख वाचून घेतले तर दान देणाऱ्यांत कल्याण-सोपाऱ्याचे व्यापारी आहेत तसे सोनार-लोहारही आहेत. नवव्या शतकातल्या एका लेखात दानाची वाटणी लिहिली आहे. त्यात विहाराच्या दुरुस्तीसाठी, चीवरांसाठी आणि पुस्तकांसाठी वेगळी रक्कम काढलेली आहे. अकराशे वर्षांमागच्या विहाराच्या हिशोबात पुस्तकांचं खातं होतं. आपल्या विहाराच्या मागच्या ताळेबंदात आम्ही पाहिलं. मंडप आहे, लाऊडस्पीकर आहे, जेवण आहे. पुस्तकांचं खातं नाही. येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय आम्ही मांडणार आहोत, खजिनदारांनी राग मानू नये.

लायब्ररीच्या त्या दाराचंही सांगायचं राहिलं. आम्ही तीन जण विहाराच्या लेटरहेडवर पत्र घेऊन, इस्त्रीचे शर्ट घालून गेलो. आतल्या बाईंनी अर्ध्या तासात सगळं समजावून दिलं. मुलांच्या ओळखपत्रांच्या झेरॉक्स आणि दोन फोटो एवढंच लागत होतं. आज आपल्या अभ्यासिकेतली अकरा मुलं-मुली तिथे बसतात. जो परीक्षेला बसला नव्हता त्याला आम्ही दोनदा बोलावलं. तो हसतो, येतो म्हणतो, येत नाही.

यापुढे दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी फेरी निघेल. सकाळी आठ वाजता विहाराच्या दारात त्रिसरण-पंचशील घेऊन निघायचं. डबा आणि पाण्याची बाटली घरून आणावी, पोरांचं शाळेचं ओळखपत्र बरोबर असावं, म्हणजे जिथे सवलत असेल तिथे मिळते. वही-पेन्सिल पाहिजेच. राणीबागेतलं म्युझियम बुधवारी बंद असतं, ज्यांना मधल्या वारी आपले आपण जायचं आहे त्यांनी ते लक्षात ठेवावं. आणि प्रत्येक पाच मुलांमागे एक मोठं माणूस लागेल. मुलांची नावं पुष्कळ आली आहेत. मोठ्यांची आतापर्यंत चारच आली आहेत, त्यांत दोन महिला मंडळाच्या ताई आहेत. बाकीच्यांनी नावं विहाराच्या फळ्यावर लिहावीत.